हरण्याची शिंगं आणि वकीलसाहेबांची मोटर

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी एकदा बैलाची शिंगं मोटरीसारखी घासायला गेलो होतो. होय, बैलाची! जित्या, उभ्या बैलाची!

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. मी अमरावतीत मोटरी दुरुस्त करायच्या एका कारखान्यात रंगारी होतो. स्वभाव पहिल्यापासून थंडा. त्यापायीच बायको, सुभद्रा, रुसून माहेरी वलगावला जाऊन बसली होती. जाताना म्हणाली, "भाजीत टाकाले सांभार आणाले धाडलं, त पेरून, उगवून, मंगच आणता तुमी! असा नवरा मले नाई पायजे." सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

अशात आमच्या शेठनं पलटणीच्या लिलावातून एक हातमशीन आणली. विजेवर चालायची. तोंडाशी बशीएवढी चकती, चकतीवर काचकागद. खटका दाबला की घर्रर्र! जुना रंग, गंज, सारं भुकटी होऊन उडायचं आणि खालून कोरा पत्रा चमकायचा. चकती जराशी तिरपी धरायची, दाबायची नाही, एका जागी थांबू द्यायची नाही. नाहीतर पत्रा तापतो, खड्डा पडतो. काम सबुरीचं, म्हणून शेठनं ती माझ्याच हाती दिली. एका वकीलसाहेबांची मोटर रंगवायला आली होती. तिचा जुना रंग हातानं काढायला आठवडा गेला असता; मशीननं दुपारपर्यंत उतरवला. मग अस्तर दिलं आणि वर काळा रंग असा मारला, की शेठ त्यात बघून मिशा विंचरायला लागले.

आणि इथंच माझं डोकं फिरलं, चकतीपेक्षाही जोरात!

पोळा तोंडावर होता. पोळ्याला शिंगं रंगवायची, तर गेल्या सालचा रंग आधी काचेच्या तुकड्यानं खरवडावा लागतो. एका जोडीला बराच वेळ जातो. मी म्हटलं, पत्र्याचा निघतो तर शिंगाचा का निघू नये? रंग तो रंगच! सासऱ्यांना निरोप धाडला, "मामाजी, जोडी घेऊन या. तुमचं पान खाऊन होत नाही तोवर शिंगं कोरी करून देतो." म्हटलं, कळू दे सुभद्राला, नवरा किती चपळ आहे ते!

मी बोलावली होती एक जोडी. पण सासरे पडले भाजीवाले माळी, तोंडाला विसावा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाहतो तर काय, कारखान्यासमोर रस्ताभर बैलच बैल!

"हे काय मामाजी?"

"गावाले सांगतलं ना म्या! माया जवायापाशी शिंगं घोटाची मशीन हाय म्हनून!" सासरे छाती फुगवून म्हणाले.

मागं गाडीत सुभद्रा. मांडीवर गठुडं! सासरे कानाशी लागले, "पोरगी म्हनते, आज काम झटपट झालं त इथूनच तुमच्या घरी येते."

आता सांगा, माघार घ्यायची कशी?

शेठ जेवायला घरी गेले होते. पहिला मान सासऱ्यांच्या हरण्याचा. इतका गरीब बैल, की पोरांनी शेपूट ओढलं तरी उभा. सासऱ्यांनी कासरा धरला. मी नाकाला ओलं फडकं बांधलं, चकती तिरपी केली, खटका दाबला.

घर्रर्र!

चकती शिंगाला नुसती शिवली असेल. केस जळाल्यासारखा वास सुटला आणि हरण्यानं अशी उसळी मारली, की कासरा सासऱ्यांच्या हातातून गेला, मशीनची तार बैलाच्या पायात अडकून भिंतीतून उपटली गेली, आणि मी मशीन लेकरासारखी छातीशी धरून चिखलात बसलो. बैल पळाला तो कुठं? थेट कारखान्यात! तिथं वकीलसाहेबांची मोटर उभी. हरण्या तिला शिंग घासत निघाला तो पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत. सरळ पट्टा! अस्तरासकट साफ, खाली कोरा पत्रा!

म्हणजे पाहा, मी काढणार होतो शिंगाचा रंग, आणि शिंगानंच मोटरीचा काढला. तोही विजेशिवाय!

गर्दीतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "मशीन बेस हाय. पन हे काम बैलाले जास्त जमते."

तेवढ्यात शेठ आले. मोटरीकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, चिखलातल्या माझ्याकडे पाहिलं. "यातला रंगारी कोन हाय?"

मोटर पुन्हा माझ्याच गळ्यात पडली. आणि बाहेर गावकरी ओरडत होते, "जवाईबापू, आमच्या शिंगाचं काय?"

मग काय, काचेचे तुकडे घेतले आणि बसलो एकेक शिंग खरवडत. हरण्या सोडून. तो मला जवळ येऊच देईना. दिवस मावळायला आला तेव्हा कुठं शेवटची जोडी झाली. सुभद्रा गठुडं घेऊन गाडीत तशीच.

"येते का घरी?" मी विचारलं.

"आधी वलगावले जाऊन बैलाले पोळ्याच्या जेवनाचं आवतन देनं हाय. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'"

"अन् मले?"

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. लाल-निळी भुकटी, वर चिखल. म्हणाली, "तुमीबी या. जमलं त उद्याच या!"

हे मात्र लागलं हो मला! दुसऱ्या दिवशी जन्मात चाललो नव्हतो तसा झपझप चाललो आणि वलगावला वेळेच्या आधी पोचलो. तीच चूक झाली! अंगणात हरण्याचं जेवण चाललं होतं, समोर परातीत पुरणपोळ्या. त्यानं मान वर केली. मी दिसलो. परात एकीकडे, पुरण दुसरीकडे, आणि दावं तटतटलं!

"जवाईबापू, तिथंच थांबा!" सासरे ओरडले. "गल्लीत! बैल जेवून राहिला!"

थांबलो. थोड्या वेळानं सुभद्रा ताट घेऊन बाहेर आली. हसू तिच्यानं आवरत नव्हतं. "जिंदगीत एकदा लवकर आले, तेबी बैलाच्या घासावर! जेवा आता इथंच. जेवून झालं का निघू, गठुडं सोडलं नाई म्या अजून."

तर त्या पोळ्याला पाहुणा हरण्या अंगणात जेवला, आणि घरचा जावई गल्लीत.