हिरवी केलेली गाडी

हे गेले ते माघ महिन्यात, पारोळ्याच्या अलीकडे. मी धुळ्याला माहेरी होते. ‘या वेळी तुम्हीच न्यायला या’ असं पत्र मीच टाकलं होतं, म्हणून जळगावहून गाडी काढून हे एकटेच निघाले. कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक बंद पडून रस्त्यातच उभा होता. तिन्हीसांजेची वेळ, ट्रकला मागे दिवा नाही. गाडी उजव्या बाजूनं त्याच्याखाली शिरली. डावी बाजू जशीच्या तशी राहिली. मी बसायची ती बाजू.

माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांना, आबांना, मोठा मुलगा नव्हता की धाकटा नव्हता, हे एकटेच.

सव्वा महिन्यानं गाडी ठोकूनठाकून सरळ करून घरी आली आणि अंगणात उभी राहिली. सायीच्या रंगाची अँबॅसेडर. सासूबाईंनी, आमच्या अक्कांनी, त्या दिवसापासून पुढच्या दाराकडे येणंच सोडलं. तुळशीला पाणी घालायलासुद्धा येत नसत. आबा सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्यात जाताना मान वळवून गाडीच्या पलीकडच्या अंगानं जात. एकदा ओट्यावर उभे राहून ते मला म्हणाले, “हॉर्न वाजला असं वाटतं गं. रोज वाटतं.” एवढंच. यांच्याबद्दल आबा माझ्याशी त्यानंतर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पत्र मी टाकलं होतं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी विकायची ठरली. त्या काळी नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे, त्यामुळे जुन्या गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळायचं. आबांनी पेंटरला बोलावलं. म्हातारा, हातांच्या नखांत रंग गेलेला माणूस. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “आबा, पुढच्या बाजूला याच रंगाचा हात मारून देतो. कळणार नाही.”

“तो नको. हिरवा मारा. गडद.”

“माझं ऐका. रंग बदलला की भाव पडतो. दाराच्या आत, डिकीत, रबराखाली जुना रंग राहतोच. घेणारा तो बघतो आणि म्हणतो, हे काय लपवताय? तोच रंग ठेवा, वर सरळ सांगा की गाडी ठोकली होती. चार पैसे जास्तच येतील.”

आबांनी गाडीकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, “भावाचं जाऊ द्या. ही मला अंगणात अशी नको.”

आठवडाभरात गाडी हिरवी होऊन आली. खरंच ओळखू येत नव्हती. अक्का त्या संध्याकाळी तुळशीपाशी आल्या, गाडीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

गिऱ्हाइकं येऊ लागली. प्रत्येक जण दार उघडे, वाकून कडेला बघे आणि विचारे, “रंग का बदलला?” आबा म्हणत, “हौस म्हणून.” ज्याच्या घरातून नुकताच तरणा मुलगा गेला, त्या माणसाच्या तोंडून ‘हौस’ हा शब्द ऐकताना मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून उभी असे. माणसं जात ती परत येत नसत.

ज्येष्ठात पिंपळनेरकडचे एक शेतकरी आले. डोक्याला फेटा, वय आबांएवढंच. आदल्या पावसाळ्यात त्यांची सून अडली होती. बैलगाडीनं साक्रीपर्यंत नेईस्तोवर तीही गेली आणि बाळही गेलं. आता गावात एक गाडी हवी म्हणून ते आले होते. गाडी त्यांना पसंत पडली. भाव ठरला. गाडी माझ्या यजमानांच्या नावावर होती, म्हणून सहीसाठी मला बाहेर बोलावलं. मी पदर घेऊन खांबापाशी उभी राहिले.

तेवढ्यात त्यांनी डिकी उघडली. आत सायीचा रंग होता.

“आबा, हाई गाडीना रंग पहिला दुसरा व्हता. काबर बदला?”

“हौस म्हणून,” आबा म्हणाले.

त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मग हळू आवाजात मला म्हणाले, “खरं सांग, माय. हाई गाडीले काय व्हयेल शे?”

चार महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. जेवलीस का, हेसुद्धा नाही. मी धीट होते म्हणून बोलले असं नाही. मला विचारलं, म्हणून बोलले.

“गाडी ट्रकवर गेली. माझे यजमान गेले तिच्यात. मला न्यायला येत होते.”

म्हाताऱ्यांनी डिकी सावकाश लावली. फेटा काढून हातात घेतला. आबांकडे वळून म्हणाले, “मरन त बठ्ठास्ना घरमा शे, भाऊ. पन तुम्ही माले सांगं नही.” मरण सगळ्यांच्याच घरात असतं; त्यांना लागलं ते न सांगणं.

आबांचे ओठ हलले. ‘मला ती पाहवत नव्हती’ एवढे शब्द पुरे होते. ते त्यांना जमले नाहीत. मला ठाऊक होतं, मी तरी सांगायला हवं होतं. पण माझंही बोलणं तिथंच संपलं होतं. म्हातारे नमस्कार करून निघून गेले. आबांनी लपवलं, असंच समजून गेले.

आबा ओट्यावर बसून राहिले. अक्का मात्र आतून आल्या आणि मला म्हणाल्या, “आधी त्याला बोलावून घेतलंस. आता हेही.” पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

गाडी शेवटी एका गॅरेजवाल्यानं निम्म्या भावात नेली, सुटे भाग काढण्यासाठी. मला श्रावणाआधी धुळ्याला पोहोचवण्यात आलं. ‘चार दिवस राहून ये’ असं म्हणून. न्यायला कुणी आलं नाही. वडिलांनी मला डी.एड.ला घातलं, आणि पुढे मला शाळेत नोकरी लागली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मधल्या सुट्टीत, शिपाई म्हणाला, बाहेर कुणी आबा आलेत. ते फाटकाशी उभे होते. सदरा अंगावर लोंबत होता. एस.टी.नं आले होते.

“त्या माणसाला मीच सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “तोंडातून निघत नव्हतं. तुझ्यावर ढकललं.”

“पाणी आणते,” मी म्हणाले आणि आत गेले. तांब्या विसळून भरला, पेला शोधला. बाहेर आले तर फाटकात कुणी नव्हतं. शिपाई म्हणाला, गाडीची वेळ झाली होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आबा गेले. मला पत्र तेराव्यानंतर आलं.