वजनाच्या पेटीसमोरचा कूलर

सेलूजवळच्या एका कारखान्यातून मी सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. तिथे रंगात मिसळायची नॅनो भुकटी वजन करून पाकिटांत भरत. भुकटी इतकी बारीक की सांडली तरी खाली बसत नसे, हवेतच राही. म्हणून वजनासाठी काचेची पेटी होती. समोरून फक्त हात घालण्यापुरती उघडी. वरचा पंखा हवा आत ओढायचा आणि फिल्टरमधून छताबाहेर सोडायचा. पेटी बसवणाऱ्या इंजिनिअरने उघड्या तोंडापाशी अगरबत्ती धरून दाखवली होती. धूर आत गेला पाहिजे, बाहेर आला तर काम थांबवायचं. सुरक्षितता काम करणाऱ्याच्या लक्षावर सोडायची नाही म्हणून ही पेटी, मास्क त्यानंतरचा, असं तो म्हणाला होता. मी मान हलवली होती.

पेटीवर एक बाई बसायच्या, जवळच्या खेड्यातून एसटीने यायच्या. मे महिन्यात पत्र्याखाली बसवेना, तेव्हा मी ऑफिसातला कूलर आणून त्यांच्या बाजूला लावला. त्यांनी मागितला नव्हता. पॅकिंगच्या बाया त्यांना चिडवायच्या, "आमाले पंखा, अन् इले कूलर. साहेबाची पाहुणी हाये हे." त्या हसायच्या. दोन उन्हाळे तो कूलर तिथे होता.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यांना खोकला लागला आणि तो जाईना. डॉक्टरांनी कारखान्याला चिठ्ठी देऊन त्यांच्या कामाविषयी विचारलं. मालकांनी मला कारण शोधून लिहून द्यायला सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी मी एकटा गेलो. पेटीचा पंखा लावला, कूलर लावला, अगरबत्ती पेटवली. धूर पेटीच्या तोंडापर्यंत गेला आणि कूलरच्या झोताने वळून बाईंच्या स्टुलाकडे आला. कूलर बंद केला, तर सरळ आत गेला. मी तीनदा करून पाहिलं. मग कूलर उचलून ऑफिसात नेला आणि टेबलाशी बसून लिहिलं, की पेटी व्यवस्थित चालते, कामगार मास्क लावत नसत. अक्षर चांगलं आलं होतं.

बाईंना कामावरून काढलं. जाताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, मी मास्क लावत होती. तुमी रोज पाहत होते."

मी म्हणालो, निर्णय वरून आला आहे. खरं तर वरच्यांनी माझाच कागद वाचून तो घेतला होता.

खोकला त्या भुकटीनेच झाला का, हे मला सांगता येत नाही. पण मास्क त्या लावत. नाकावर त्याचा वळ पडलेला मी रोज पाहिला आहे.

गेल्या महिन्यात हे सगळं मी दोन पानांवर लिहिलं, खाली सही केली. एक प्रत कारखान्याला पोस्टाने पाठवली. उत्तर नाही. दुसरी घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात बाजारासाठी वांगी निवडत होत्या. आत त्यांचे यजमान टीव्ही पाहत होते. मी कागदात काय आहे ते सांगितलं. त्यांनी वांगी निवडणं थांबवलं नाही.

"हे तवा काऊन नाई लिहिलं?"

नोकरी जाईल अशी भीती वाटली, म्हणालो. त्या थोडा वेळ खोकल्या.

"मले काय सांगता? मले ठाऊक हाये. आत जाऊन आमच्या यायले वाचून दाखवा. मी खोकलली की हे म्हन्ते, लावाचा होता मास्क."

मी आत गेलो. यजमानांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी दोन्ही पानं वाचली. ते दाराकडे पाहत राहिले, पण बाईंना हाक मारली नाही.

मग मास्कचं वाक्य पुन्हा वाचा म्हणाले. मी वाचलं.

"जोरानं वाचा," अंगणातून बाई म्हणाल्या.