टाकीची सूचना आणि माझा बायोडाटा

बाबांचं सगळं आयुष्य भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर गेलं. ते रिटायर झाले आणि आमच्या सोसायटीनं त्यांना सेक्रेटरी करून टाकलं, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं. बाबांनी मात्र ते पद फार मनावर घेतलं. ते कॉम्प्युटरवर सूचना टाइप करायला शिकले, एका बोटानं. प्रत्येक सूचनेखाली नाव, फ्लॅट, मोबाईल नव्यानं टाइप करायचे. त्यात दुपार संपायची.

मी तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला. एक दिवस घरून काम करत होते, तर बाबा म्हणाले, "एकदा लिहिलेलं परत कशाला लिहायचं? उचलून नेता येत नाही का?"

"येतं की," म्हटलं आणि त्यांच्याजवळ बसले. पत्ता आणि मोबाईल माझ्या लग्नाच्या बायोडाट्यात होता, म्हणून एकीकडे तो उघडला आणि शेजारी टाकीच्या सफाईची सूचना. माऊसचं बटण दाबून ओळीवरून फिरवा, ओळ निळी झाली की सोडा. मग त्या निळ्यावर पुन्हा दाबून धरा आणि ओढत शेजारच्या विंडोत नेऊन सोडा. "आणि ओढताना दुसऱ्या हातानं कंट्रोल दाबून ठेवा, नाहीतर इथलं तिकडं निघून जातं."

दोन्ही हातांना काम मिळाल्यावर बाबा खूश झाले. तेवढ्यात माझी मीटिंग लागली. मी उठले, बाबा सराव करत बसले. संध्याकाळी त्यांनी सूचना ग्रुपवर टाकली. आईनं बायोडाटा विहारातल्या एका मावशींना पाठवला, त्यांच्याकडे चाकणचं एक स्थळ होतं.

रविवारी सकाळी आमची बेल वाजायची थांबेना. दारात खालच्या मजल्यावरचे काका, निम्म्या गालावर दाढीचा साबण.

"अहो सेक्रेटरी, पाणी बंद ठेवणार हे सांगायचं तरी!"

"लिहिलंय स्पष्ट," बाबा म्हणाले. "वाचतच नाही तुम्ही लोक."

काकांनी मोबाईल पुढे केला. सूचनेत लिहिलं होतं, रविवारी टाकी साफ होईल. पुढे थेट बाबांचं नाव. बाबांनी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. "मी लिहिलं होतं हो. माझ्या हातानं लिहिलं होतं."

त्यात आमच्या घरी पिंपं काठोकाठ भरलेली. बाबांना माहीत होतं ना! काकांनी आत डोकावून ती पाहिली आणि मग बाबांकडे पाहिलं. त्या नजरेनं बाबा इतके खजील झाले की दुपारपर्यंत जिन्यावरून बादल्या पोचवत होते.

जेवायला बसलो तेव्हा चाकणहून मुलाच्या आईचा फोन आला. आईनं स्पीकर लावला.

"जयभीम ताई. बायोडाटा मिळाला. मुलगी पसंत हाय आमाला. फक्त त्या अपेक्षेचं विचारायचं व्हतं."

"कसली अपेक्षा?" आई म्हणाली.

त्या बाई सावकाश वाचू लागल्या. "अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी व सुशिक्षित असावा. सर्वांनी आदल्या रात्री बादल्या व पिंपे भरून ठेवावीत. नंतर तक्रार चालणार नाही." मग म्हणाल्या, "आमच्याकडं बोअर हाय ताई. चोवीस तास पाणी असतंय. पोरीला तरास न्हाई व्हायचा."

मला ठसका लागला. आईनं फोनवर हात ठेवून बाबांकडे पाहिलं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "सापडली!"

पुढच्या आठवड्यात ती मंडळी बघायला आली. आम्हाला दोघांना गॅलरीत बोलायला सोडलं. मुलगा कंपनीत क्वालिटीला होता, बोलायला लाजरा. कुंडीकडे बघत म्हणाला, "मी ऑफिसात तो बायोडाटा मित्रांना दाखवला. ते म्हणाले, भावा, नाही म्हणू नकोस. घर शिस्तीत चालेल." मी जे हसायला लागले ते आत बसलेल्यांना ऐकू गेलं, आणि आतल्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. मीही तो दुरुस्त केला नाही.

लग्नपत्रिकेचा मजकूर बाबांनीच तयार केला. आईनं तो छापायला देण्याआधी मोठ्यानं वाचला, मग मी वाचला, मग चाकणला फोनवर वाचून दाखवला. बाबा खुर्चीत अंग चोरून ऐकत होते. तिकडून "बरोबर हाय" आल्यावर ते उठले आणि आंघोळीला गेले.