पलीकडच्या वर्गातला शेवटचा बाक

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स विभागात शिकवणारे आम्ही दोघंच. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कॉलेजात तर एकटे म्हातारे प्राध्यापक उरले होते. मग दोन्ही कॉलेजांनी वरच्या वर्गाचे विषय वाटून घेतले. एका सत्रात मी न्यू जर्सीतून व्हिडिओवर दोन्हीकडच्या मुलांना शिकवायचं, पुढच्या सत्रात त्यांनी. पहिलं सत्र चाचणीचं होतं. तिकडची मुलं गळाली तर योजना बंद, माझी नोकरी बंद, आणि नोकरीबरोबर व्हिसाही.

तिकडची मुलं पडद्यावर मख्ख बसलेली असायची. बोलायचं तर बाकावरचं माइकचं बटण दाबायचं, आणि ते दाबलं की कॅमेरा गर्रकन वळून तुमचा भला मोठा चेहरा दोन्हीकडे दाखवणार. कोण दाबतंय!

दाबायचे ते फक्त म्हातारे प्राध्यापक. शेवटच्या बाकावर येऊन बसायचे आणि विचारायचे काय, तर हे वजा चिन्ह कुठून आलं! अहो, हयात गेली तुमची हे शिकवण्यात. एकदा मी वैतागून फळ्याकडे तोंड करून पुटपुटले, "या आजोबांना एवढंही येत नाही? डोकं खातात नुसतं." माइक गळ्यातच होता, पण मराठी कोणाला कळतंय, म्हणून मी निर्धास्त.

तास संपला, पलीकडचे सगळे उठून गेले. तिथल्याच मॉरिसव्हिल गावात वाढलेली एक मुलगी तेवढी थांबली. तिनं बटण दाबलं.

"मावशी... आय मीन, प्रोफेसर, मला मराठी कळतं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"सरांना सगळं येतं. आम्ही कन्फ्यूज्ड दिसलो ना, की ते आमच्यासाठी विचारतात. आणि म्हणाले, टीचर नवीन आहे, तिला एकटं वाटायला नको. डोन्ट वरी, आजोबांचं मी नाही सांगणार."

त्या दिवशी गाडीत बसून मी मनसोक्त रडले. परक्या देशात इतक्या गुपचूप कोणी माझी काळजी घेतली नव्हती. पुढे त्यांनी प्रश्न विचारला की मी उत्तर मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत द्यायला लागले. हळूहळू मुलंही बटण दाबू लागली. एकही गळालं नाही. मी सरांचे आभार मानले, तर ते म्हणाले, वयानं विसरायला होतं.

पुढच्या सत्रात शिकवायची पाळी त्यांची. आमची मुलं पडद्यासमोर मख्ख. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि बटण दाबलं. "सर, हे वजा चिन्ह कुठून आलं?"

आवाज पोचायला क्षणभर लागला. मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि हसले. "गुड क्वेश्चन," म्हणाले, आणि सावकाश समजावू लागले.

माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलानं वळून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग घाईघाईनं उत्तर लिहून घेतलं.