साडूभाऊंची जय्यत तयारी

उद्या जगबुडी झाली तर तिच्यातून कोरड्या अंगानं बाहेर पडू असं ठामपणे मानणारा एकच माणूस अख्ख्या जालना शहरात आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझा साडू आहे. साडू हे नातंच मुळी अंगावर येऊन पडलेलं असतं. बायको आपण पाहून करतो, सासरा दोन-चार भेटींत कळतो, पण बायकोच्या थोरल्या बहिणीनं कुणाच्या गळ्यात माळ घालावी हे आपल्याला कुणी विचारत नाही. मी परतूरला त्या घरचा जावई झालो तेव्हा हे गृहस्थ आधीपासूनच तिथल्या ओसरीवर बसलेले होते आणि मांडवाच्या दोऱ्या कच्च्या आहेत, असं माझ्या सासऱ्यांना समजावून सांगत होते. मांडव पडला नाही. याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

उभा जन्म त्यांनी एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात काढला. पिशवीवर लेबल सरळ लागलंय का, एवढं पाहण्याचं त्यांचं काम. पिशवीच्या आत काय असतं आणि ते मातीत पडल्यावर पुढं काय करतं, याच्याशी त्यांचा संबंध आला नाही. तरी निवृत्त झाल्याबरोबर मस्तगडातल्या आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी भाजीपाला लावला आणि बोलायला लागले ते असे, की जणू शेतीचा शोध त्यांच्याच खानदानात लागला. "येनारा काळ खराब हे, सर," असं मला त्यांनी तेव्हा ऐकवलं. मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून ते मला सर म्हणतात. त्या शब्दात आदर फारसा नसतो. "बाजार बंद पडंल, गाड्या बंद पडतील. मंग ज्याच्या गच्चीवर भाजी, त्योच वाचंल." मी म्हणालो, बहात्तरच्या दुष्काळातही माणसं वाचली. त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बहात्तर साली काय हाल झाले ते मला काय ठाऊक, असं विचारलं. बहात्तर साली ते स्वतः पाटी घेऊन दुसरीत जात होते.

गच्ची पाहिली नसेल तर त्या गच्चीची कल्पना येणार नाही. कुंडी विकत आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे फुटक्या हेल्मेटात पुदिना, कूलरच्या टाकीत मेथी, जुन्या टीव्हीच्या खोक्यात टमाटे, आणि कुणाच्या तरी घरातून उखडून आणलेल्या कमोडमध्ये कोथिंबीर. तो कमोड नवाच होता, कधी वापरलाच नव्हता, असं ते शपथेवर सांगत. मी त्या घरी कधी कोथिंबीर खाल्ली नाही. कोपऱ्यात एका पिंपात खत कुजत ठेवलेलं असे, त्यात शिळं ताक, गूळ, शेण आणि आणखी काय काय. उन्हाळ्यात वारा सुटला की तो वास गल्लीभर फिरून यायचा. लोक आपापल्या घरात काय सडलंय ते शोधत बसत.

त्यातच त्यांचा दोडक्याचा वेल. तो भिंतीवरून पलीकडे गेला आणि शेजारच्या साळवे बाईंच्या डिशवर जाऊन बसला. साळवे बाई प्राथमिक शाळेत शिकवतात, शांत बाई आहेत. आधी त्यांनी गोड शब्दांत सांगितलं, मग जरा कडक शब्दांत सांगितलं, की टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतायत, तेवढा वेल काढा. साडूभाऊंनी वर जाऊन पाहणी केली आणि वेलाला फूल आहे, आता काढता येणार नाही, असा निकाल दिला. फुलाचा दोडका झाला, दोडका जून झाला, मग तो बियाण्यासाठी ठेवला. त्या अख्ख्या हंगामात बाईंच्या घरात बातम्या दिसल्या नाहीत. दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं ते तेव्हापासून.

एवढ्या उठाठेवीतून भाजी किती निघायची म्हणाल, तर एखाद्या सशाचं पोट अर्धं भरेल एवढी. पण थाट असा, की वांगं तयार झालं की ते एकुलतं एक वांगं कागदात गुंडाळून नदी ओलांडून नव्या जालन्यात आमच्या घरी पोहोचतं व्हायचं, आणि दुपारी फोन यायचा. वांगं कसं लागलं? बाजारच्या वांग्यात आणि ह्याच्यात काय फरक जाणवला? एका वांग्याची भाजी चौघांत वाटून खाल्ल्यावर फरक एवढाच जाणवायचा की भूक राहिली.

हे सगळं आक्का, म्हणजे बायकोची ती थोरली बहीण, कसं निभावत होती ते मला माझ्या बायकोकडून कळलं. आक्का रोज सकाळी, साडूभाऊ गच्चीवर असताना, गल्लीच्या तोंडाशी येणाऱ्या गाड्यावरून भाजी घ्यायची आणि पदराखाली घरात आणायची. गाडेवालाही हुशार. तो साडूभाऊंच्या घराजवळ आला की ओरडायचं बंद करायचा. मग दुपारी ताटात बाजारची भेंडी पडायची आणि साडूभाऊ डोळे मिटून पहिला घास घ्यायचे. एकदा मी जेवायला होतो. "ही चव पाह्यली का?" ते मला म्हणाले. "बाजारच्या भेंडीला आशी चव बिलकुल येत न्हाई." आक्का माझ्या ताटात भाकरी वाढत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते.

पाण्याची तर गोष्टच निराळी. आमच्या शहरात नळाला पाणी मनात येईल तेव्हा येतं, त्यामुळे साठवण सगळेच करतात. पण साडूभाऊंच्या घरात पाणी राहत होतं आणि माणसं वस्तीला होती. दारात पिंप, जिन्याखाली पिंप, पलंगाखाली रंगाचे डबे, आणि एक बंद पडलेला फ्रीज पाठीवर निजवून त्यातही पाणी. एका खोलीतून दुसरीत जायचं तर अंग आडवं करून जावं लागे. यातलं पाणी आधी झाडांना. एकदा मी हात धुवायला पाणी मागितलं तर ते म्हणाले, थांबा थोडं, मिरचीचं होऊ द्या. माणूस तोंडानं मागू शकतो, मिरचीला तोंड आहे का?

शिवाय दाराशी एक थैली कायम भरलेली. तिच्यात दोर, मेणबत्त्या, शिट्टी, बॅटरी, चिवडा. वर्षातून एकदा ते त्या चिवड्याची तपासणी करत आणि खवट झालेला चिवडा घरातल्यांनी संपवायचा असे, कारण अन्न वाया घालवायचं नाही. गंमत अशी, की त्यांची तयारी आणि संकट यांची गाठ कधी पडायची नाही. एकदा आम्ही दोन्ही घरची माणसं जीप करून जांब समर्थला दर्शनाला निघालो. साडूभाऊंनी शेगडी घेतली, ताडपत्री घेतली, पाण्याचे कॅन घेतले, आणि जागा होईना म्हणून ड्रायव्हरला गाडीतलं फालतू लोखंड घरी काढून ठेवायला लावलं. माझी बायको मांडीवर कोळशाचं पोतं घेऊन बसली. अर्ध्या वाटेत चाक बसलं. तेव्हा कळलं की फालतू लोखंड म्हणजे जॅक. उन्हात उभं राहून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत होतो आणि साडूभाऊ ताडपत्री कशी उपयोगी पडली ते सांगत होते.

मागच्या उन्हाळ्यात आक्का पडली.

दुपारची वेळ होती. ती मेथी निवडत बसली होती. बोलता बोलता तिची जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती बसल्या जागी कलंडली. साडूभाऊ समोरच होते. त्यांनी मला फोन लावला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी स्कूटर काढून पोहोचलो, तर हे दारात उभे. डोक्यावर रणरणतं ऊन आणि हातात पेटवलेली बॅटरी. थैली पायाशी उघडी पडलेली. आक्का कुठं आहे विचारलं तर त्यांनी गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. साळवे बाईंनी भिंतीपलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज ऐकला होता. त्या धावत आल्या, त्यांच्या नवऱ्यानं रिक्षा थांबवली, आणि पिंपांमधून वाट काढत, आक्काला आडवी धरून, त्या दोघांनी तिला बाहेर नेलं होतं. एक पिंप वाटेत आडवं झालं होतं आणि घरभर पाणी होतं. त्यात मेथीची पानं तरंगत होती.

दवाखान्यात आक्का वेळेवर पोहोचली म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. तिला कोणती औषधं चालू आहेत, असं नर्सनं विचारलं तेव्हा साडूभाऊंना एकही नाव सांगता आलं नाही. साळवे बाईंनी सांगितलं. आक्कानं त्यांना कधीतरी गाड्यापाशी भाजी घेताना सांगून ठेवलं होतं. बोलणं बंद दोन घरांचं होतं, त्या दोघींचं नव्हतं. साडूभाऊ बाकावर बसले. मी चहा आणून दिला, तो त्यांच्या हातात निवत गेला. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "समद्याची तयारी केल्ती, सर. हिची न्हाई केली. मला वाटायचं, काय बी झालं तरी ही तर असनारच हे."

आक्का घरी आली, पण तिचा उजवा हात आणि उजवा पाय तिचं ऐकेना. जिना चढणं संपलं. तिला चालायला वाट हवी म्हणून साडूभाऊंनी पिंपं एक-एक करून देऊन टाकली. दोन साळवे बाईंकडे गेली. तिचा पलंग खालच्या खिडकीशी आहे, आणि त्या खिडकीला अरुंद गल्लीमुळे ऊन येत नाही. आक्का एकदा अडखळत म्हणाली, की ताटातली भाजी बाजारची का असेना, पण वरची झाडं कशी झालीत ते पाहावंसं वाटतं. या वाक्याचा पहिला अर्धा भाग साडूभाऊंनी ऐकला की नाही मला ठाऊक नाही. त्यांनी कुंड्या खाली आणल्या. सावलीत झाडं पिवळी पडायला लागली, म्हणून परत वर नेल्या. आता ते रोज सकाळी कुंड्या उन्हाला वर नेतात आणि दुपार कलली की तिच्यासाठी खाली आणतात. तो कमोडसुद्धा.

हा निव्वळ मूर्खपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. मोबाइलवर फोटो काढून दाखवा, म्हणालो. या वयात जिन्यावरून पाय घसरला तर तुम्हाला कोण उचलणार, असंही विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मिरचीची कुंडी उचलली. माझं मत आजही तेच आहे. असला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

परवा संध्याकाळी मी सहज गेलो होतो. दार उघडं होतं. साडूभाऊ पलंगाशी वाकून उभे होते, वांग्याची कुंडी दोन्ही हातांत धरून, आक्काच्या छातीएवढ्या उंचीवर. आक्का डाव्या हातानं पिवळी पानं खुडत होती. तो हात अजून शिकतोय. एक पान धरायचं, निसटायचं, पुन्हा धरायचं. कुंडी ओल्या मातीची, जड. बाजूला स्टूल होतं, त्यावर ठेवा म्हणावं असं माझ्या अगदी तोंडाशी आलं. पण आक्कानं आणखी एका पानाला हात घातला होता आणि ते श्वास धरून तिच्या बोटांकडे पाहत होते. मी दारातच चपला हातात घेऊन उभा राहिलो.