भाव सांगणार नाही

"मावशी, मासळी मागच्या दारानं," मॅनेजर म्हणाला.

माझ्या हातात टोपली नव्हती. लेकीचा हात होता. अंगावर ठेवणीतली साडी, केसात गजरा. लेक नर्सिंग पास झाली होती, आणि खारघरचं हे पेरू देशाच्या जेवणाचं हॉटेल तिनंच निवडलं होतं. महाग नाही, कॉलेजची पोरंही येतात. या हॉटेलला जिताडा मासा मीच देते. पनवेलच्या बाजारात हाच मॅनेजर रोज सकाळी गोड हसून माझ्याशी घासाघीस करतो.

"शेट, आज आमी जेवायला आलोय."

खिडकीजवळची टेबलं रिकामी होती. त्यानं आम्हाला बेसिनपाशी बसवलं.

सेविचे आलं. लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, वर कांदा-मिरची. पहिल्याच तुकड्याला ओळखलं. माझाच जिताडा. पहाटे गव्हाणच्या खाडीतून आलेला.

शेजारची बाई तेच खात होती. "किती फ्रेश आहे ना!" नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे बघून नाकाला रुमाल लावला. "इथे वास कसला येतोय?"

मॅनेजर धावत आला, कानाशी वाकला. "मावशी, पार्सल करून देतो. घरी निवांत खा."

लेकीनं मान खाली घातली. "आये, चल."

ती मान बघून माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मी लिंबाच्या साली घासून हातांचा वास घालवला. कुणासाठी? यांच्यासाठी?

"नाय उठणार," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. हात त्या बाईपुढे धरला. "तुमी खाताय तो जिताडा याच हातानं दिलाय. हुंगा!"

तिनं काटा-चमचा खाली ठेवला. मी माझी प्लेट पुसून खाल्ली. लेकीलाही खायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर बाजारात हजर. "मावशी, जिताडा कसा दिला?"

आमच्यात नको असलेल्या गिऱ्हाइकालाही भाव सांगतात. अव्वाच्या सव्वा सांगतील, पण सांगतील. भावच न सांगणं म्हणजे तू आमच्यासाठी नाहीसच. आणि एकीनं सांगितला नाही तर ओळीतली कुणीच सांगत नाही.

मी खवले काढत राहिले. तो शेजारणीकडे वळला. ती गप्प. तिच्या पुढची गप्प.

"मावशी, चुकलो. खिडकीचं टेबल तुमच्यासाठी ठेवतो."

मी पोलिसाशी घासाघीस केली, बिल्डरशी केली, देवाशीही केली. याच्याशी नाही.

अजून येतो. विचारतो. सगळ्यात मोठा जिताडा मी त्याला दिसेल असाच मांडते. गिऱ्हाईक नाही मिळालं तर मांजरांना घालीन.

त्याला भाव सांगणार नाही.