चुकीच्या ओळीवरचा फोन

धरमपेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात वैदेही काम करायची. बुबुळासाठी थांबलेल्या पेशंटांची एक्सेलमधली यादी तिच्याकडे होती. यादी आडवी इतकी पसरलेली, की नाव डाव्या टोकाला आणि फोन नंबर उजव्या. माउसनं खालची पट्टी ओढत उजवीकडे गेलं की नाव पडद्याबाहेर जायचं. मग ओळ नजरेनंच धरून ठेवायची. दिवसभर हेच. मनीषनगरला घरी पोचेपर्यंत मनगट असं ठणकायचं, की पोळपाटाकडे बघवायचं नाही.

एका सकाळी कुणीतरी दान केलेलं बुबुळ आलं. डॉक्टर म्हणाले, "कृष्णकांत डेहनकरांना बोलवा."

तिनं नाव शोधलं, पट्टी ओढली. मनगटात कळ आली, बोट माउसच्या चाकावर घसरलं आणि ओळी सरकल्या. तिच्या ध्यानातच आलं नाही. समोर दिसला तो नंबर तिनं फिरवला. "तुमचा नंबर लागला. उपाशीपोटी या." नाव विचारायचं राहून गेलं.

तासाभरात बेसाहून महादेवराव आले. धुतलेलं धोतर, हात बायकोच्या, भागीरथाबाईंच्या, हातात. वैदेहीनं कागदासाठी नाव विचारलं; ते कृष्णकांत डेहनकर नव्हतं.

"काका, चूक माझी झाली. फोन दुसऱ्यांना करायचा होता."

"मंग आमाले काहून केला वं?" भागीरथाबाई कडाडल्या. "हे तवापासून चहाबी न घेता बसून राहिले!"

वैदेही खाली मान घालून उभी राहिली. महादेवरावांनी विचारलं, "माह्यापुढं लय लोकं हायेत का?"

"आहेत, काका."

"मंग चाल वं भागीरथे," ते उठत म्हणाले, "आधी मले पोहे खाऊ घाल."

कृष्णकांतांना फोन करताना वैदेहीनं नाव दोनदा विचारलं. त्यांचं ऑपरेशन झालं. शेजारच्या टेबलावरची रोशनी म्हणाली, "ताई, नावाचा कॉलम जागेवर धरून ठेवता येते ना. कोणी सांगितलं नाही तुम्हाले?" तिनं ते करून दिलं. वैदेहीला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला नुसतं थकल्यासारखं झालं.

महादेवरावांचा नंबर त्या वर्षी लागला नाही. भागीरथाबाई मधूनमधून फोन करत. वैदेही यादीत खाली जाऊन बघायची, "अजून नाही हो," म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ हात मांडीवर घेऊन बसायची.